बिनइथेनॉलचे साडू

आमच्या साडूंइतका निर्भेळ माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडणार नाही. त्यांच्या डोक्यात एकच वेड आहे, आणि त्या वेडात दुसऱ्या कुठल्याही वेडाची थेंबभर भेसळ नाही. लोक पोरीला स्थळ शोधतात, घराला भाडेकरू शोधतात, फार तर देवळाबाहेर चप्पल शोधतात. आमचे साडू स्कूटरला इथेनॉल नसलेलं पेट्रोल शोधतात. त्यासाठी त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक बाळाची दूध पाजायची बाटली असते. त्यांच्या लेकीच्या लहानपणची. तिच्यावर मापाच्या रेघा आहेत ना, म्हणून. पंपावर गेलं की आधी त्या बाटलीत थोडं पाणी, वर थोडं पेट्रोल, मग बूच लावून बाटली खुळखुळ्यासारखी हलवायची आणि डोळ्यासमोर धरून बघत राहायचं. पेट्रोलातलं इथेनॉल सरळ पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ वर सरकते. ती सरकली की साडू, घरच्या माणसाचा ताप बघावा तसा चेहरा करून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडतात, "हाय! यात बी हाय!" एकदा रांगेतल्या एका बाईंनी काळजीनं विचारलं, "काका, बाळ कुठंय?" साडूंनी स्कूटरकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ते काय, स्टँडवर लावलंय."

गंमत अशी, की या माणसाचा जन्म गेला साखर कारखान्यात. उसाचा रस काढला, साखर झाली की खाली काळी चिकट मळी उरते आणि त्या मळीचंच पुढं इथेनॉल होतं. म्हणजे ज्याच्या नावानं आज बोटं मोडतात, त्याच्याच आईच्या जिवावर यांनी तीस-बत्तीस वर्षं पगार घेतला. हे मी एकदा तोंडावर म्हणून दाखवलं. तर म्हणाले, "म्हणून तर सांगतो, पाव्हणं! त्या मळीचं सगळं घराणं माझ्या नजरंखालून गेलंय. लई चिकट जात! एकदा घरात शिरली की निघत नाय." तेव्हापासून घरात काहीही बिघडलं तरी दोष इथेनॉलचाच. दूध नासलं, इथेनॉल. पंखा कुरकुरला, इथेनॉल. माझ्या पुतण्याचं लग्न मोडलं, तेव्हा हे हळूच म्हणाले, "पोरगा चांगला होता हो, पण त्यात काय मिसळलं होतं ते आधी बघायला पाहिजे होतं." आता बोला!

या वेडाच्या मुळाशी मात्र आमच्या अक्का आहेत. अक्का म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोची थोरली बहीण. दोघींचं माहेर पिशोर. अक्कांना गाडी लागते. अशीतशी नाही, नुसता बसचा हॉर्न ऐकला तरी तोंडाला पदर लावायच्या. लग्नाच्या वरातीला जीप केली होती, तर वेशीपर्यंत जायच्या आत नवरदेवाच्या नव्या कोऱ्या सफारीवर... जाऊ द्या. वरात पायी घरी आली. साडूंनी पहिल्या दिवाळीच्या आधी स्कूटर घेतली आणि अक्कांना मागं बसवून भाऊबिजेला पिशोरला नेलं. उघड्या हवेत, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून बसलेल्या अक्कांना काही म्हणता काही झालं नाही. तेव्हापासून अक्का त्या स्कूटरशिवाय दुसऱ्या कशात बसायचं नाव काढत नाहीत. पिशोरला म्हातारी आई आहे, भाऊ आहे. स्कूटर बंद पडली, तर अक्कांचं माहेर तुटलं, असा साधा हिशोब. आणि नव्या पेट्रोलनं त्या जुन्या गाडीची रबरं फुगतात, नळ्या चिकटतात, कार्बोरेटर चोंदतो. म्हणून हा सगळा बाटलीचा संसार.

तशी ती स्कूटर जुन्या टू-स्ट्रोक जमान्यातली, तिला पेट्रोलात ऑइल मिसळावंच लागतं. ते साडू स्वतःच्या हातानं मिसळतात. मी म्हटलं, "साडूभाऊ, ही भेसळ चालते वाटतं?" तर डोळे वटारून म्हणाले, "ही भेसळ नाय. ही फोडणी हाय." आमच्या शहरातल्या शहागंजात त्यांचे एक ठरलेले मेकॅनिक आहेत, भाईजान. दोघं एकाच वयाचे, त्यामुळे एकमेकांना कुणीच आवरत नाही. महिन्यातून एकदा कार्बोरेटर उघडा पडतो, साडू शेजारी स्टुलावर बसून शिव्या घालतात आणि भाईजान फुंकर मारत म्हणतात, "कायकू बिचारे पेट्रोल को गालियां देते साहब? गाडी बुड्ढी हो गई, आप बुड्ढे हो गए, मैं बुड्ढा हो गया. पेट्रोलच एक नया है." यावर साडू चहा मागवतात.

मग एके दिवशी कुणीतरी कानाला लागलं, की पुण्याला एका पंपावर भारीतलं पेट्रोल मिळतं, त्यात इथेनॉलचा थेंब नसतो. झालं! साडू दुसऱ्या दिवशी पहाटेच स्कूटरवर बसून पुण्याला गेले. अहो, पुणे काय आमच्या शहराला लागून असलेल्या चिकलठाण्याच्या पुढं आहे? पण गेले. बाटली हलवली. पाण्याची रेघ जागची हलली नाही. त्यांनी म्हणे पंपाला हात जोडले. कॅनमध्ये द्यायला पंपवाल्यांनी नकार दिला, नियम आहे म्हणून. मग टाकी काठोकाठ भरून घेतली आणि तसेच मागं फिरले. संध्याकाळी शहराच्या वेशीजवळून मला फोन, "पाव्हणं, वाळूजला या." गेलो. हे एका लिंबाखाली हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेले, चेहऱ्यावर तेज. "काय पळाली म्हणून सांगू! लोणी, नुसतं लोणी!" मी विचारलं, "मग थांबलात का?" साडूंनी टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "संपलं की." पुण्याहून आणलेलं पेट्रोल पुण्याहून येण्यातच जळालं, हे त्यांच्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. मी जवळच्या पंपावरून साधं पेट्रोल आणून ओतलं. ओतताना ते पाठ करून उभे राहिले.

पुढं लेकीनं दोघांना जर्मनीला बोलावलं. विमानाचं नाव काढताच अक्का आवळासुपारी शोधायला लागल्या, तेव्हा साडू एकटेच तीन महिने गेले. सोबत बाटली होतीच. विमानतळावर तपासणीत ती बाहेर काढली, तर यांनी "नातू" एवढंच सांगितलं. लेकीला अजून मूल नव्हतं. तिथून रोज मला व्हिडिओ कॉल. मागं घड्याळाचा मनोरा नाही की नदी नाही, सदा पेट्रोल पंप. "बघा पाव्हणं, नळीवर लिहिलंय किती मिसळलंय ते! लिहून मिसळतात! याला म्हणतात खानदान!" पण न मिसळलेलं काही त्यांना मिळेना. लेकीची गाडी मात्र भलतीच आवडली. "अहो, आवाजच नाय! धूर नाय! बिनइथेनॉलचं इंजिन असं चालतं. पोरगी शाणी हाय, कुठून भरते ते सांगत नाय एवढंच." शेवटी एकदाचं शुद्ध पेट्रोल सापडलं, ते बागेच्या सामानाच्या दुकानात. खुरपी, कुंड्या, रोपं, आणि त्यांच्याशेजारी सीलबंद डबे. गवत कापायच्या यंत्रासाठी! "आपल्याकडं माणसाच्या गाडीला मिळंना, अन् हिथं गवताला देतात!" असं म्हणता म्हणता त्यांना गहिवरून आलं. त्यांनी लेकीसाठी भेट म्हणून एक डबा उचलला, दोन बस बदलून घरी आणला आणि गाडीत भरायला तोंड शोधायला लागले. गाडीला सगळीकडून प्रदक्षिणा घातली. शेवटी जावयानं हळूच सांगितलं, "बाबा, ही बॅटरीवर चालते." त्या दिवशी फोन आला नाही. डबा विमानात नेऊ देईनात, म्हणून तो तिथंच जावयाच्या हिरवळीवर खर्ची पडला. ते गवत फार सुरेख कापलं गेलं, असं साडू अजून सांगतात.

ते परत आले त्या वर्षीच्या भाऊबिजेला आम्ही दोन्ही जोडपी पिशोरला निघालो होतो. मी आणि बायको कारमध्ये, पुढं स्कूटर. फुलंब्री मागं टाकली आणि स्कूटरनं दोन आचके देऊन मान टाकली. साडूंनी ती डावीकडे कलंडवली, उजवीकडे कलंडवली, लाथा घातल्या, मग गोंजारलं. काही उपयोग नाही. ऊन चढायला लागलं. तिकडं भाऊ ताट लावून बसलेला, आई दाराकडे डोळे लावून. शेवटी साडू माझ्याजवळ आले. आवाज पार खाली गेलेला. "हिला तुमच्या गाडीत न्या. लिंबू हाय हिच्या पिशवीत. हळू चालवा. लागलं तर थांबा. मी गाडी घेऊन येतो." एवढं बोलून ते जे वळले, ते आम्ही निघेपर्यंत त्यांनी वर बघितलंच नाही.

मी गाडी अशी चालवत होतो, जशी काही मागं अंड्यांची पाटीच ठेवलीय. आरशात सारखा अक्कांकडे बघत होतो. अक्कांनी पिशवी उघडली. मी घाईनं काच खाली केली. अक्कांनी पिशवीतून चिवडा काढला. शेजारी बहिणीला दिला, मला दिला आणि स्वतः निवांत खात बाहेरचा कापूस बघत बसल्या. मी म्हटलं, "अक्का, मळमळत नाही?" तशा त्या जरा लाजल्या. म्हणाल्या, "दाजी, हे जर्मनीला होते ना, तवा आईला बरं नव्हतं. मग काय करता, देवाचं नाव घेऊन एसटीत बसले. पिशोर आलं तरी काय झालं नाय. मलाच इश्वास बसंना. वयानं जात असंल."

"मग साडूभाऊंना सांगितलं का नाही?"

अक्का चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिल्या. "तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ हाय, सांगू नका. रिटायर झाल्यापासून दुसरं काय हाय ह्यांना? मला माहेरी न्यायचंय म्हणून उठतात, गाडी पुसतात, भाईजानकडं जातात, गावभर बाटली घेऊन हिंडतात. मला गाडी लागत नाय म्हणलं, तर ती स्कूटर जाईल भंगारात अन् हे जातील खाटंवर." मग पाणी पिऊन म्हणाल्या, "अन् खरं सांगू का, मला बी कारमध्ये करमत नाय. हात कुठं ठेवावा, कळत नाय."

तासाभरानं साडू आले. अद्रक उतरवून पिशोरला परत निघालेला एक टेम्पो त्यांनी गाठला होता आणि मागच्या हौद्यात स्कूटरला मिठी मारून उभे होते. टेम्पोचा आवाज ऐकला मात्र, भावाच्या ओसरीवर लाडू खात बसलेल्या अक्कांनी लाडू माझ्या हातात कोंबला, तोंडाला पदर लावला आणि खांबाला टेकून डोळे मिटले. साडूंनी स्कूटर तशीच सोडून टेम्पोतून उडी मारली. हातात टेम्पोतलंच अद्रकाचं बोटभर कांडं. "लई त्रास झाला का गं? हे चघळ. मी म्हणत नव्हतो? दुसऱ्याच्या गाडीत तुला सोसत नाय." अक्कांनी आमच्याकडे न बघता ते तिखट अद्रक मुकाट्यानं चघळलं. डोळ्यांत पाणी आलं ते अद्रकाचं होतं, असं आपण धरून चालू.

परवाच्या भाऊबिजेला पुन्हा तेच. बायको म्हणाली, "अक्का, बस की गाडीत." अक्का अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नको गं बाई, मला गाडी लागते!" आणि पदर खोचून स्कूटरवर बसल्या. मी पूर्ण रस्ता मागं मागं राहिलो. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, बायको मात्र एकदाही 'पुढं काढा' म्हणाली नाही. एका चढावर स्कूटरला दोघांचं ओझं ओढेना, तेव्हा अक्का खाली उतरल्या आणि धूर सोडणाऱ्या त्या गाडीच्या बाजूनं, सीटवर हात ठेवून चालत वर गेल्या. वर पोचल्यावर पुन्हा बसल्या. साडू वळून माझ्याकडे ओरडले, "बिनइथेनॉलची असती ना पाव्हणं, तर एवढं बी उतरावं लागलं नसतं!" मी हसलो नाही. मला हसू आलंच नाही.

तेव्हा एक विनंती आहे. तुमच्या गावाकडं, आडरस्त्याला, कुठं का असेना, न मिसळलेलं पेट्रोल मिळत असेल तर मला जरूर कळवा. गाडी जुनी झालीय, चालवणारेही थकलेत, आणि पिशोरचा रस्ता काही जवळ येत नाही. आणि आमच्या अक्कांना, काय सांगू तुम्हाला, दुसरी कुठली गाडी चालतच नाही.