रिपोर्ट चांगला आला, तरी बाळ थांबलं

मंडळी, दुपारची ओपीडी संपवून लगेच लिहायला बसलेय. आज सकाळी मला जे पटवून देता येत नव्हतं, ते एका आजींनी दोन वाक्यांत पटवलं.

मी मालवणात लहान मुलांची डॉक्टर आहे. आमच्याकडे देवबागचं एक बाळ दाखल आहे, सातव्या महिन्यात जन्मलेलं. दहा दिवसांचं असताना ते अचानक मलूल पडलं, श्वास अडखळू लागला. अँटिबायोटिकने फरक पडेना. रक्ताच्या तपासणीत बुरशी सापडली, तेव्हा त्यावरचं औषध शिरेतून सुरू केलं. बाळ सावरलं.

आज नवा रिपोर्ट आला. रक्तात बुरशी नाही. बाळाचे वडील म्हणाले, "डॉक्टर, पोरगो आता दूध पिता. आज आमी तेका घराक न्हेतंव."

"अजून दोन आठवडे औषध हवं. मध्येच सोडलं तर बुरशी परत येऊ शकते, डोळ्यांत, मेंदूतही जाऊ शकते."

"पण रिपोर्ट बरो इलो मा?"

बाळाची आजी सुकी मासळी विकते. ती मुलाला म्हणाली, "झिला, सुक्या बांगड्याची बुरशी वरवर पुसली, तरी आत ओल रवली तर ती परत येता. पोराक हंयच रवांदे."

वडिलांनी बाळाला घरी न्यायचा विषय सोडला. मग बायकोसाठी जेवणाचा डबा आणायला घरी गेले.

हे बाळ बरं होऊनच घरी जाणार, याची मला खात्री आहे.

आता तुम्ही खरं सांगा, बरं वाटायला लागल्यावर तुम्ही औषध किती दिवस घेता?