अक्का ज्या ओळीला थांबत

आमच्या चाळीसगावच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभूची प्रार्थना अक्कांच्या चालीने व्हायची. सुरुवात पाळकसाहेब करत, पण दोन शब्द झाले की सगळी सूत्रं अक्कांच्या आवाजाकडे जात. धुळ्याला सरकारी दवाखान्यात हेड सिस्टर म्हणून उभा जन्म काढलेला तो आवाज. त्याच्यापुढे पेटीसुद्धा दबून वाजायची. नव्याने आलेला प्रत्येक पाळक काही रविवार आपला वेग लावून बघे आणि मग निमूटपणे अक्कांच्या मागून चालू लागे.

निवृत्त झाल्या तरी त्यांना हाताखाली माणसं लागतच, आणि त्यांत त्यांनी देवालाही धरलं होतं. गुरुवारच्या घरगुती प्रार्थनासभेत आम्ही आपापले प्रार्थनेचे विषय सांगत असू. अक्का विषयाबरोबर त्याचं उत्तरही सांगत. एरवी अस्सल अहिराणी बोलणाऱ्या अक्का प्रार्थनेत मात्र एकदम शुद्ध मराठीवर येत. माझ्या मुलाच्या नोकरीसाठी त्यांनी मोठ्यांदा प्रार्थना केली, "प्रभू, याला भुसावळलाच लाव. पुणं नको. तिथलं जेवण याला सोसायचं नाही." मुलगा पुण्यालाच लागला आणि चांगला गुटगुटीत झाला. मी चिडवलं, तर म्हणाल्या, "देव बी कधी कधी मन्हं ऐकत नई, मीना." सूर असा, की देवाची ड्युटी चुकली आहे, पण या खेपेला सोडून देऊ.

माणूस मात्र जीव लावणारा. आमच्या गल्लीतल्या पाटलांची सून बाळंत होऊन घरी आली तेव्हा खोलीत आयाबायांची ही गर्दी. अक्का दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बठ्ठा बाहेर!" सासूसकट सगळ्या बाहेर. मग स्वतः शेक दिला, बाळाला न्हाऊ घातलं आणि मऊ भात करून त्या पोरीला भरवला. "बठ्ठा बाहेर" ही त्यांची आवडती आज्ञा होती. ती कुणी मोडल्याचं मला आठवत नाही.

करुणा ही त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा लवकर गेला, त्यामुळे अक्कांना तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तीही नर्स झाली, जळगावला एका मोठ्या दवाखान्यात लागली. तिला चाळीसगावात आणायचं, म्हणून अक्कांनी घरावर एक खोली चढवली, तिला आवडते तशी निळी फरशी बसवली, पडदेसुद्धा शिवून लावले. खोली तयार झाली आणि करुणाने येऊन सांगितलं, की ती जळगाव सोडते आहे. रावेरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर मंडळीचा छोटा दवाखाना होता, तिथे कुणी टिकत नव्हतं. "मी खूप प्रार्थना केली, आई. देव मला तिथंच बोलावतोय."

"देव माले का नई बोलना मंग?" अक्का भडकल्या. "कोन शे तठे तुन्हं? मी आठे एकली काय करू?" करुणा रडली, पण गेली.

त्यानंतरच्या रविवारी प्रभूची प्रार्थना नेहमीसारखी सुरू झाली आणि मध्येच आमच्या पायाखालची वाटच नाहीशी झाली. देवाची इच्छा होवो, असं मागण्याची जी ओळ आहे, तिथे अक्का गप्प. कुणी पुढे धावलं, कुणी मागे राहिलं, पेटीवाले मान वर करून बघू लागले. ओळ संपली आणि पुढच्या ओळीला अक्कांचा आवाज पुन्हा खणखणीत लागला. मला वाटलं ठसका लागला असेल. पण पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

घरी येताना मी विचारलं. अक्का रस्त्यातच थांबल्या. "जे मनमा नई, ते देवपुढे कसं म्हनू? बाकीनं बठ्ठं म्हनस मी. तेवढं नई."

मंडळीत कुजबुज झाली, अक्कांचा विश्वास डळमळला म्हणून. पाळकसाहेब बिचारे भेटायला गेले आणि चहा पिता पिता म्हणाले, "अक्का, निदान ओठ तरी हलवा. सगळे अडखळतात हो." अक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी उरलेला चहा तसाच ठेवला. "साहेब, तुम्ही पाळक शेतस ना? देवपुढे नाटक कराले सांगतस?" मला त्यांची काळजी वाटायची. झोप उडाली होती, अन्न तुटलं होतं, वरच्या खोलीला कुलूप होतं. तरी त्यांच्याइतकं देवाला खरं मानणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं, पोरीला घेऊनच यायचं. मला सोबत घेतलं. हातात एक भलीमोठी बॅग होती, रिकामी, करुणाचे कपडे भरून आणायला. रावेरपर्यंत गाडीने, पुढे केळीच्या बागांमधून जीपने आम्ही गेलो.

दवाखान्याच्या ओट्यावर बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. आत कुणीतरी अडलेली होती. अक्का सवयीने बाह्या सरसावून थेट आत शिरल्या. आतून करुणाचा आवाज आला, "बठ्ठा बाहेर!" आणि मग जरा हळू, "आई, तू पण."

अक्का बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं आणि रिकामी बॅग मांडीवर घेऊन त्या बायांमध्ये बसल्या. बऱ्याच वेळाने आत बाळ रडलं. तशा अक्का हसायला लागल्या, हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. "मीना, देवनी मन्ही पोर नई नेली वं. त्यानी तिले कामले लायी."

निघताना करुणाने आईचा हात धरून ठेवला होता. अक्कांनी बॅग तिच्या खाटेखाली सरकवली. "हाई आठेच राहू दे. पावसाळामा कपडा भरीसन ठेव." जीपमध्ये बसल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून रावेर येईपर्यंत गाढ झोपल्या. माझ्याही मनावरचं ओझं उतरलं.

त्या रविवारी ती ओळ आली तेव्हा आम्ही सवयीने सावध झालो. मग अक्कांचा आवाज आला, एकटा, जरा उशिरा, आणि आयुष्यात पहिल्यांदा कापरा. ओळ त्यांनी पुरी म्हटली. अख्खी मंडळी त्यांच्यासाठी थांबली होती, आणि पुढेही दर रविवारी त्या ओळीला थांबू लागली. वरची खोली पुढे त्यांनी नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुलींना राहायला दिली, निळ्या फरशीसकट. प्रार्थनेत देवाला सूचना देणं काही सुटलं नाही, फक्त शेवटी म्हणू लागल्या, "हे आपलं माझं मत."

अक्का गेल्या वर्षी गेल्या. झोपेतच, सुखाने. करुणा पाड्यावरून आली. कब्रस्तानात पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि त्या ओळीपाशी आम्ही सगळे थांबलो. कुणी ठरवलं नव्हतं. अक्कांची वाट बघायची सवयच लागली होती. पाळकसाहेबही थांबले. कबरीपाशी उभ्या असलेल्या करुणाने मान वर केली आणि ती ओळ एकटीने म्हटली, खणखणीत, हुबेहूब आईच्या आवाजात. मग आम्ही सगळे तिच्या मागून पुढे निघालो.