हत्तीच्या गालावरची खळी

माझी आई फायबरच्या कारखान्यात कामाला लागली तेव्हा तिला फक्त एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे न थांबता हसणं. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. तिथे बागेतल्या घसरगुंड्या, बेडकाच्या तोंडाच्या कचरापेट्या, दुकानांबाहेर ठेवायचे प्राणी असं काहीबाही बनायचं. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर ब्रशने रेझिन फासायचं, आणि ते दगडासारखं घट्ट व्हायच्या आत ब्रश अ‍ॅसिटोनमध्ये धुवायचा. उशीर केला की ब्रशचा हातोडा झालाच म्हणून समजा.

या अ‍ॅसिटोनने आईला पहिल्याच दिवशी वेड लावलं. पाण्यासारखं दिसणारं, गोडसर पण नाकात झोंबणारं, हातावर थेंब पडला तर बर्फासारखं गार लागणारं आणि फुंकर मारायच्या आत उडून जाणारं. रेझिन जातं, रंग जातो, मार्करच्या रेघा जातात. आईला वाटलं, वा, जगातली सगळी घाण काढणारं औषध सापडलं! म्हणून तिने लगेच आपला चष्माही त्याने पुसला. प्लॅस्टिकच्या काचा दुधाळ झाल्या, दांडी मऊ पडली आणि तिच्यावर आईच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला.

"अगं बाई, ते प्लॅस्टिक खातं!" शेडमधल्या थोरल्या बाई ओरडल्या.

"मग आधी सांगायचं ना," आई म्हणाली, आणि धुरकट चष्म्यातून त्यांच्याकडे बघून इतकी हसली की थोरल्या बाईंनाही हसू फुटलं.

तेव्हा अ‍ॅसिटोनचा डबा टेबलाखाली उघडाच असायचा. मालक तसे भले गृहस्थ, पण झाकण लावायचा कंटाळा. शेडच्या दुसऱ्या टोकाला चहाचा स्टोव्ह. एवढ्या लांबून काय होतंय, असं सगळ्यांनाच वाटायचं. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती वर न जाता जमिनीलगत सरपटत जाते, कुणाला दिसतही नाही. एका दुपारी मालकांनी चहासाठी काडी ओढली आणि स्टोव्हपासून टेबलापर्यंत एक निळसर ज्योत मांजरासारखी पळत गेली. आईने वाळूची बादली उचलून ओतली, थोरल्या बाईंनी दुसरी ओतली, आग विझली. कुणाला काही झालं नाही. फक्त स्टोव्हवर वाकलेल्या मालकांच्या दोन्ही भुवया गेल्या.

पुढचे काही आठवडे मालकीणबाई त्यांना रोज पेन्सिलने भुवया काढून द्यायच्या. त्यांचा हात काही सारखा चालायचा नाही. मालक कधी दिवसभर आश्चर्यचकित दिसायचे, कधी भयंकर चिडलेले. एकदा डावी भुवई चिडलेली आणि उजवी दुःखी होती. त्या दिवशी त्यांनी आईला कामावरून झापलं आणि आई तोंडात ओढणी कोंबून साच्याच्या मागे जाऊन बसली.

मालक मात्र धडा शिकले. डबा शेडबाहेरच्या लोखंडी कपाटात गेला, किल्ली त्यांच्या खिशात. सकाळी प्रत्येकीला झाकणाच्या छोट्या डबीत मापून अ‍ॅसिटोन मिळायचं. पंखे बाहेर वारा फेकतील असे बसवले, कारण बंद जागेत ते फार वेळ हुंगलं की डोकं गरगरतं.

अशातच खेळण्यांच्या एका नव्या दुकानाचं काम आलं. दारात ठेवायला माणसाच्या उंचीचा हत्ती हवा होता, आणि तोही दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटनाला. फायबरचा व्हायला वेळ नव्हता म्हणून मालकांनी थर्मोकोल कोरणारा एक कारागीर बोलावला. उंच, काटकुळा, केसांत कायम थर्मोकोलचे दाणे. हे माझे बाबा. तेव्हा आईला ते फक्त 'तो बर्फ पडलेला माणूस' म्हणून माहीत होते.

बाबांनी हत्ती फार गोड कोरला. करडा रंग दिला आणि हात धुवायला गेले. आई बाजूने रेझिनचा ब्रश घेऊन चालली होती. एक थेंब उडाला, नेमका हत्तीच्या गालावर. आईने सवयीने चिंधी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवली आणि गाल पुसला.

गाल आत गेला. आवाज नाही, धूर नाही. हत्तीने जणू गोळी चघळायला घेतली. आईने घाबरून आणखी थोडं पुसलं, तर गाल आणखी आत गेला. थर्मोकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. अ‍ॅसिटोन लागलं की हवा निघून जाते आणि चिमूटभर चिकट लगदा उरतो.

बाबा परत आले तेव्हा आई हत्तीच्या गालावर तळहात ठेवून उभी होती.

"काय झालं?"

"काही नाही. याचा दात दुखतोय."

बाबांनी तिचा हात बाजूला केला. खड्डा बघितला. आता हा माणूस ओरडणार म्हणून आईने डोळे मिटले. पण बाबा हसायला लागले, इतके की शेवटी हत्तीच्या पायाशी बसूनच राहिले. मग उठून तापलेली तार घेतली आणि दुसऱ्या गालालाही तसाच खड्डा कोरला. हत्तीला दोन सुरेख खळ्या पडल्या.

"आधीपेक्षा बरा दिसतोय," ते म्हणाले. "आता हा लाकडी सुळा तेवढा चिरलाय. धरता का जरा?"

आईने सुळा घट्ट धरला. बाबांनी चिरेत सुपरग्लू सोडला. तो जरा जास्तच सुटला, ओघळला, आणि आईची चार बोटं बाबांच्या तळव्याला चिकटली. सुळा सुटला, हात सुटले नाहीत.

"ओढू नका हं, कातडी निघेल," आई म्हणाली. "अ‍ॅसिटोनने निघतं हे."

पण आईची डबी रिकामी झाली होती, थोरल्या बाई घरी गेल्या होत्या आणि मालक किल्ली घेऊन दुकानाची जागा बघायला गेले होते. साबणाच्या कोमट पाण्यात हात बुडवून बघितले, ढिम्म हलले नाहीत.

"नेलपॉलिश काढायच्या बाटलीत असतं ते," आईला आठवलं. मग दोघं तसेच, हातात हात घालून, भर बाजारातून निघाले.

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातल्या बाईंनी त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं आणि एक बाटली दिली. दुकानाच्या पायरीवर बसून दोघांनी अर्धी बाटली संपवली. हात काही सुटेना. आईने लेबल वाचलं. 'नखांसाठी सौम्य. अ‍ॅसिटोनविरहित.'

"अहो, आम्हाला सौम्य नको, जहाल द्या!" आई आत वळून ओरडली.

तेवढ्यात समोरून आजोबा आले. आईचे वडील, शिंपी, गळ्यात मोजायची टेप, कामावरून घरी चाललेले. त्यांनी आधी लेकीला बघितलं, मग बाबांना, मग हात.

"सोड तिचा हात!"

"सुटत नाहीये, काका," बाबा म्हणाले.

"सुटत नाही? इतकं पुढे गेलंय?"

"बाबा, तसं नाही हो," आई आजोबांना म्हणाली, पण तिला हसू आवरेना, त्यामुळे पुढचं कुणाला कळेना. आजोबांनी रागाने सिगारेट तोंडात धरली आणि काडेपेटी काढली. एव्हाना दुकानदारीणबाईंनी दुसरी बाटली आणून बूच उघडलं होतं.

"काडी ओढू नका!" आई इतक्या जोरात किंचाळली की सगळा रस्ता थबकला. "ही वाफ पेट घेते! भुवया जातील तुमच्या!"

आजोबांनी सिगारेट गुपचूप खिशात टाकली आणि नकळत भुवयांवरून हात फिरवला.

मोकळ्या हवेत, कापसाच्या बोळ्याने, थेंब थेंब सोडत आई ते चिकटलेलं ढिलं करत गेली. एकेक बोट सुटत गेलं. कातडी पांढरी, कोरडी, सुरकुतलेली. शेवटची करंगळी निघाली तरी दोघांचे हात होते तिथेच राहिले.

"सुटला ना?" आजोबा म्हणाले. "मग आता काय मुहूर्त बघायचाय?"

दुकानदारीणबाईंनी साबण, पाणी आणि क्रीम दिलं. आजोबांनी बाबांना चहाला घरी बोलावलं, चौकशी करायला म्हणून. चौकशीत बाबांच्या सदऱ्याची मापंही घेऊन टाकली, आणि तो सदरा त्यांनी वर्षभरात लग्नात घातला.

पुढे त्या शेडची व्यवस्था आईकडेच आली. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी थर्मोकोलचा ग्लास आणि अ‍ॅसिटोनची डबी दाखवायची, हसवायची आणि मग एकदम गंभीर होऊन झाकण लावायला लावायची. आग पुन्हा कधी लागली नाही.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली, तेव्हा मुलींनी तिला स्वतःच्या हाताने घडवलेली एक छोटी पिवळी होडी भेट दिली. आई आणि बाबा ती तळ्यावर घेऊन गेले. दोघांनी एकाच बाजूने वल्ही मारली. काठावर उभी राहून मी ओरडून सांगत होते, पण ऐकतंय कोण? होडी गोल गोल फिरत राहिली आणि आईचं हसणं पाण्यावरून माझ्यापर्यंत येत राहिलं.