हार्बिंजरमधला ‘एन’

डॉक्टर सबनीस माझ्या गाडीत बसले की सीटबेल्टच्या आधी वाक्य सुरू करत. “तर काल मी काय सांगत होतो...” मी गाडी पार्किंगमधून बाहेर काढेपर्यंत आम्ही मध्ययुगातल्या इंग्लंडात पोचलेले असू.

कार्डिफच्या एका हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते आणि मी नागपूरहून नुकतीच आलेली ज्युनिअर डॉक्टर. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. सर आमच्याच रस्त्यावर राहत. ड्रायव्हिंग टेस्टला ते चार वेळा नापास झाले होते, कारण गाडी चालवताना ते परीक्षकाशी गप्पा मारत. त्यामुळे रोज जाता-येता वीस-वीस मिनिटं ते माझ्या वाट्याला आले, आणि त्यांच्याबरोबर एक शब्द आला. हार्बिंजर.

येणाऱ्या गोष्टीची चाहूल देणारा, अग्रदूत, असा त्याचा अर्थ आपण वाचतो. सरांना तो अगदीच वरवरचा वाटे. “अगं, शब्दाचं आडनाव सगळेच वाचतात. त्याचं गाव विचारावं!” गाव होतं ते असं. जुन्या जर्मॅनिक भाषांतल्या सैन्य आणि आसरा या दोन शब्दांचा जोड झाला. सैन्याचा आसरा, मग कुठलाही मुक्काम, मग फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो मुक्कामाची सोय करणारा माणूस. राजा दौऱ्यावर निघाला की हा आधी पुढच्या गावी जायचा आणि कोणी कुठे उतरायचं ते ठरवायचा. तो दिसला की लोक ओळखायचे, राजा येतोय. हळूहळू सोय करणं मागे पडलं आणि चाहूल तेवढी उरली.

“आणि गंमत म्हणजे मूळ शब्दात एन नव्हताच! हर्बर्जर! हा एन घुसला कुठून?”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे खरोखर आवडलं होतं. अकराव्यांदा मी रेडिओ लावला. सरांनी आवाज चढवला. मी सुधाकाकूंकडे, त्यांच्या बायकोकडे, तक्रार केली तर त्या शांतपणे म्हणाल्या, “मी तीस वर्षं ऐकतेय. तुला एक वर्षसुद्धा झालं नाही.”

एनबद्दल सरांचा स्वतःचा सिद्धांत होता. दरबारातल्या कुणा कारकुनाची लेखणी घसरली आणि पुढच्या सगळ्यांनी ती चूक गिरवली. त्यावर त्यांनी हाताने चाळीस पानं लिहिली होती. ती मी सिग्नलला थांबल्यावर वाचावीत अशी त्यांची अपेक्षा असे.

एकदा तिथल्या हौशी इतिहासप्रेमींच्या मंडळानं त्यांचं व्याख्यान ठेवलं. चर्चच्या हॉलमध्ये तीस-एक माणसं, चहा, बिस्किटं. शनिवारची माझी सुट्टी प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद बदलण्यात गेली. सर रंगात येऊन बोलले. शेवटी मिसेस प्राइस नावाच्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या. “डॉक्टर, मेसेंजरमध्येही मुळात एन नव्हता. पॅसेंजरमध्येही नव्हता. बोलण्याच्या ओघात तो तिथे आपोआप आला. की तिथेही तुमचाच कारकून होता? फारच कामाचा माणूस दिसतो.”

हॉल हसला. सर दहा मिनिटं वाद घालत राहिले. मला टेबलाखाली लपावंसं वाटत होतं. परतीच्या वाटेवर ते गप्प होते, आणि कबूल करते, मला ती शांतता फार गोड लागली.

पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा फर्मान काढलं, “शनिवारी मला मंडळात सोड.” माझी मनःस्थिती अजिबात ठीक नव्हती. दोन दिवसांपूर्वी वॉर्डात भरती होताना एका आजोबांनी मला सांगितलं होतं की पेनिसिलिन त्यांना चालत नाही. गडबडीत मी ते लिहायचंच विसरले आणि तेच औषध दिलं. अंगभर पुरळ उठलं. मी गुपचूप औषध बदललं आणि फाइलमध्ये लिहिलं, ‘पुरळ, कारण अस्पष्ट’. आजोबा सुधारत होते. कुणी काही विचारलं नव्हतं. पण ती फाइल बघून उद्या दुसरा डॉक्टर पुन्हा तेच देऊ शकेल, हे मला कळत होतं.

त्या शनिवारी व्याख्यान दुसऱ्याच कुणाचं होतं. चहाच्या आधी सर उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले. आता पुन्हा हार्बिंजर!

“मागच्या महिन्यात एनबद्दल मी जे सांगितलं ते चूक होतं,” ते म्हणाले. “मिसेस प्राइस यांचं बरोबर आहे. आणि मला ते त्याच क्षणी कळलं होतं. तरीही मी दहा मिनिटं वाद घातला. ती दुसरी चूक. पहिलीपेक्षा वाईट.”

एवढं बोलून ते बसले आणि बिस्किट खाऊ लागले.

सोमवारी सकाळी वॉर्डात गेल्या गेल्या मी माझ्या वरिष्ठ डॉक्टरांना सगळं सांगितलं. नीट बोलणी खाल्ली. फाइलमध्ये ठळक अक्षरांत नोंद केली, मग आजोबांच्या पलंगाशी जाऊन माफी मागितली. संध्याकाळी गाडीत सर ‘हार्बर’ या हार्बिंजरच्या भाऊबंद शब्दावर घसरणार, तेवढ्यात मी त्यांना अडवलं आणि सगळं सांगून टाकलं.

“फाइलमध्ये लिहिलंस?”

“लिहिलं.”

“पेशंटला सांगितलंस? स्वतः?”

“हो.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, मी सांगितलं होतं ना तुला, पोरी. मग हात थोपटला माझा.”

आमचा रस्ता आला. त्यांच्या घरापुढे गाडी थांबली तरी ते उतरले नाहीत.

“मिरजेला असताना माझ्याकडूनही एकदा...” ते म्हणाले. “तेव्हा मी कुणालाच...”

मग दार उघडून ते उतरले आणि छत्री गाडीतच विसरून घरात गेले.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे त्यांनी मला हजारो वाक्यं ऐकवली, हार्बिंजरवर तर किती, त्याची गणती नाही. मिरजेचं हे एवढं एकच त्यांनी अर्धं सोडलं, आणि एरवी त्यांना कायम गप्प करू पाहणाऱ्या मलाही ते कधी विचारायचा धीर झाला नाही.