सतरा नंबरचा बिल्ला

हत्यारांच्या खोलीच्या खिडकीत मावशी एकोणीस वर्षं बसली, आणि एवढ्या काळात एक पाना हरवला नाही. कामगाराने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा आणि हत्यार न्यायचं. हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर बिल्ला लटकला की कुणाकडे काय आहे ते भिंतच सांगे. बिल्ल्याशिवाय मावशी देवालाही पाना द्यायची नाही, अशी तिची ख्याती होती.

कारखाना परदेशी कंपनीने घेतला आणि त्या ख्यातीची माती झाली. नवी यंत्रं बसवायला कंपनीने आपल्या देशातून बारा फिटर आणले, तेही पाहुण्यांच्या व्हिसावर. त्यात फक्त बघायचं आणि सांगायचं, कामाला हात लावायचा नाही. कामाचा व्हिसा मिळायला वर्ष लागतं, तेवढा दम कुणाला? पाहुण्यांना बिल्ले देता येईनात. मग मॅनेजरने मावशीच्या सतरा नंबरचे बारा बिल्ले पाडून आणले आणि साळसूदपणे तिच्या पुढ्यात ठेवले. मावशीने नाक मुरडलं, पण घेतले. सून तिथेच माल सरकवणाऱ्या पट्ट्यावर कामाला होती. वाकड्यात शिरायची सोय नव्हती.

त्या बारांतला एक ठेंगणा फिटर 'मावशी' एवढा एकच शब्द शिकला होता. खिडकीशी येऊन तो असा अदबीने म्हणायचा की तिला आपल्या सख्ख्या भाच्यांची लाज वाटायची. सात महिने राबला बिचारा.

एका सकाळी इमिग्रेशनवाल्यांच्या गाड्या फाटकातून आत आल्या. पाने धडाधड खिडकीत परत आले. मॅनेजरने पाहुण्यांना भिंतीशी हात मागे बांधून उभं केलं, शिक्षा झालेल्या पोरांसारखं. ठेंगण्याचा पाना घाईत खिशातच राहिला. सगळं कसं सुरळीत आहे हे दाखवायला पट्टा चालू ठेवला होता, आणि अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत सुनेची बाही रोलरमध्ये गेली. मॅनेजर जागचा हलला नाही. ठेंगणा धावला, बटण दाबलं, खिशातून पाना काढून रोलर सैल केला. मनगट सुजलं, पण हात वाचला. अधिकाऱ्याने त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने पाना पाहिला.

मॅनेजरने मावशीला बाजूला घेऊन पढवलं: पाना त्याने चोरला म्हणा, म्हणजे कंपनी मोकळी. मावशीला शिसारी आली. सुनेचा हात वाचवणाऱ्याला चोर म्हणायचं? बरं, खरं सांगावं तर तो कामगार ठरणार आणि हाकलला जाणार. शेवटी जे तिच्या हातून कधीच घडलं नव्हतं, ते तिने स्वतःवर घेतलं.

"पाना मीच पट्ट्यावर विसरले होते, साहेब. मला परत द्यायला त्याने खिशात ठेवला. बघा ना, खिळ्यावर माझाच बिल्ला आहे."

अधिकाऱ्याने बिल्ला पाहिला, जबानी लिहून घेतली. मग ठेंगण्याचा पंजा धरून उलटा केला. रेषारेषांत काळं ग्रीस मुरलेलं. अधिकारी हसला आणि मग त्याने बाराही जणांचे पंजे उलटे करून पाहिले. बाराही जणांना बेड्या घालून नेलं. खिडकीवरून जाताना ठेंगणा थांबला, मान तुकवली, आणि येत होता तो एकच शब्द म्हणाला.

दुपारी मॅनेजर हसतमुखाने आला. तुमच्या जबानीत कंपनीचं नावच नाही, तुम्ही आमची लाज राखलीत, असं म्हणून त्याने मावशीचा हात हातात घेतला. कंपनीला साधी नोटीससुद्धा आली नाही. मावशीने नळावर दोनदा साबण लावून हात धुतला, तरी तो तिला आपला वाटेना.

महिन्याभरात बारा नवे पाहुणे आले, त्याच व्हिसावर. मॅनेजर स्वतः त्यांना घेऊन खिडकीशी आला. मावशीने बाराही बिल्ले त्याच्यापुढे सरकवले.

"आता तुमच्या नंबरचे पाडून आणा, साहेब. मग देते पाने."

मॅनेजरचं हसू मावळलं. त्याने हळूच सुनेच्या नोकरीची आठवण करून दिली. सून मागेच रांगेत उभी होती, मनगटाला पट्टी बांधून. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई," ती म्हणाली, "खिडकी लावून घ्या."

मावशीने लावून घेतली.