नाव : कळवतो

माझ्या आत्याचं दप्तरी नाव 'कळवतो' आहे, हे आम्हाला ती एकसष्ट वर्षांची झाल्यावर कळलं. तोवर घरचे, शेजारचे आणि तिची गिऱ्हाइकं तिला भलत्याच नावाने हाक मारत होते आणि तीही बिनदिक्कत ओ देत होती.

आत्याचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. त्यात मशीन, इस्त्री, बटणांच्या बरण्या आणि एक उंच आरसा, ज्यात कमरेखालचं नीट दिसत नाही, म्हणून गिऱ्हाइकं खूश असतात. कापड हातात पडल्याबरोबर ती वार आणि वेळ सांगते. "गुरुवारी पाचला." गुरुवारी पाचला कपडा तयार असतो, आणि तुम्ही सव्वापाचला उगवलात तर तुमचा उद्धारही तयार असतो. बघू, सांगते, कळवते, हे शब्द त्या खोलीत चालत नाहीत.

तिची दुसरी ख्याती नकलांची. स्वतः फुगून कापड आटलं म्हणणाऱ्या बाईची नक्कल ती करते, डोक्यावर ठेवलेला चष्मा घरभर शोधणाऱ्या माझ्या बाबांची करते. पण सगळ्यात हुबेहूब करते ती आजोबांची, म्हणजे तिच्या वडिलांची. दोनदा खाकरायचं, मान वर करून छताकडे बघायचं, आणि कुणीतरी फार मोठी जबाबदारी टाकल्यासारखं म्हणायचं, "कळवतो."

आजोबांनी जन्मभर एवढंच केलं. एका गोदामात ते हिशेबनीस होते आणि माणूस म्हणून वाईट नव्हते, असं सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. आत्या हुशार आहे, तिला पुढे शिकवा, असं सांगायला शाळेतल्या बाई घरी आल्या, त्यांना आजोबा कळवतो म्हणाले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका भल्या माणसाने आत्याला मागणी घातली, त्यालाही कळवतो म्हणाले. त्याने आठ महिने वाट पाहिली आणि मग दुसरीशी संसार थाटला. शेवटी अठ्ठाविसाव्या वर्षी आत्याने आपलं लग्न आपणच ठरवलं आणि घरी येऊन आजोबांना कळवलं. नवरा चांगला मिळाला, तो दहा वर्षांपूर्वी गेला. एकच मुलगी, ती परदेशात नर्स आहे.

त्या मुलीला दिवस गेले आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. बाळंतपणाला आई जवळ हवी, एवढंच तिचं म्हणणं होतं. नऊ आठवडे हाताशी होते. आत्याने दुकानातली सगळी कामं उरकायचे वार ठरवले, एक सुटकेस आणली आणि पासपोर्टचा अर्ज भरायला घेतला. घोडं अडलं ते जन्माच्या दाखल्यावर. मूळ दाखला कधी कुणी आणलाच नव्हता. प्रमाणित नक्कल चालेल, असं अर्जात लिहिलं होतं.

"नक्कल ना," आत्या म्हणाली. "ती तर आपल्या हातचा मळ."

जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे. खिडकी क्रमांक दोनवर पाटी, 'नकला येथे मिळतील.' खिडकीच्या काचेला हात जाईल एवढंच भोक, तेही इतकं खाली, की बोलायचं तर प्रत्येकाने कमरेत वाकावं. आत खुर्चीवर उशी, उशीवर कारकून. त्याच्यासमोर गोंदाची बाटली आणि वाळलेलं शाईचं पॅड. शिक्का मारायच्या आधी तो त्यावर तोंडाची वाफ सोडायचा. मी आत्याबरोबर होते, कारण माझ्याकडे स्कूटर आहे आणि आत्याला सोबत भांडायला नाही तरी बघायला माणूस लागतं.

"मूळ दाखला कुठंय?" कारकुनाने विचारलं.

"मूळ असता तर नक्कल मागायला आले असते का, भाऊ?"

त्याने थोडा विचार केला आणि अर्जावर लिहिलं, 'मूळ नाही.' मग म्हणाला, "पुढच्या सोमवारी या."

पुढच्या सोमवारी म्हणाला, या नावाची नोंदच नाही. आत्या म्हणाली, नावावरून कशाला शोधता, तारीख आणि वडिलांचं नाव दिलंय ना. तो म्हणाला, नाव पहिल्या रकान्यात असतं, म्हणून आम्ही नावापासून शोधतो. तिसऱ्या खेपेला मात्र रजिस्टर टेबलावर होतं. त्याने ते उघडलं, एका ओळीवर पट्टी ठेवली आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू चोर सापडलाय.

"नोंद आहे. पण तुमची नाही."

तारीख बरोबर, पत्ता बरोबर, आईवडिलांची नावं बरोबर. लिंग, स्त्री. आणि नावाच्या रकान्यात कुणा कारकुनाने सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कळवतो'.

आजोबांना विचारलं असणार, मुलीचं नाव काय. ते दोनदा खाकरले असणार, छताकडे बघितलं असणार. आणि समोरच्या इमानदार माणसाने कानावर पडलं ते उतरवून घेतलं. मला हसू फुटलं. आत्या हसली नाही.

"यात घोटाळा आहे," कारकून म्हणाला. "नावात 'तो' आहे आणि लिंग स्त्री. दोन्ही जुळत नाहीत."

"म्हणजे कळवते असतं तर चाललं असतं?"

"विचार करता आला असता."

आत्याने तिथल्या तिथे दुसरा अर्ज भरला, धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या बाबांचा. तीन वर्षांनंतरचं रजिस्टर निघालं. मंगळवारी जन्म, बुधवारी सकाळी नोंद, नाव पूर्ण, खाली आजोबांची ठसठशीत सही. आत्या त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली. वाकून वाकून तिची कंबर धरली होती, तरी ती सरळ झाली नाही.

"त्याचं नाव माहीत होतं बघ त्यांना," ती मला म्हणाली.

माझे बाबा तसे साधे आहेत, त्यांचा यात काही दोष नाही. पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही.

पुढचा घोळ असा. नाव दुरुस्त करायचं तर माहिती देणाऱ्यानेच यायला हवं, असं कारकुनाचं म्हणणं. माहिती देणारे, वडील. ते जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, असं सांगितल्यावर त्याने वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल आणायला सांगितली, खिडकी क्रमांक पाच. खिडकी क्रमांक पाचवरची बाई रजेवर. तिच्या जागी कोण, तर खिडकी क्रमांक दोनचा कारकून, पण गुरुवारीच. या टोलवाटोलवीत पंधरवडा गेला. मुलगी रोज फोन करायची, काही विचारायची नाही, फक्त किती आठवडे झाले ते सांगायची. आत्या फोन ठेवून मशीन चालवायची आणि दोनदा तिने बाही उलटी जोडली. तिच्या हातून असं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मृत्यूच्या दाखल्याची नक्कल घेऊन आम्ही पुन्हा खिडकी क्रमांक दोनवर उभ्या राहिलो. मागे पंधरा-वीस माणसं. कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला.

"म्हणजे वडील वारले."

"तेच सांगत होते."

"मग आता कळवणार कोण?"

त्याने हे कुचकेपणाने विचारलं नाही. त्याला खरोखरच पेच पडला होता.

आत्याने पर्स माझ्या हातात दिली. ती ताठ उभी राहिली, दोनदा खाकरली आणि मान वर करून छताकडे बघितलं. ती वाकली नाही, तरी काचेपलीकडे आवाज पोचला, आणि तो आजोबांचा होता.

"कळवतो म्हणालो होतो. जरा उशीर झाला, एकसष्ट वर्षं. घ्या लिहून. मुलीचं नाव." आणि नाव सांगितलं, एकेक अक्षर सोडवून.

रांग खदखदून हसली. कारकुनाच्या हाताने, सवयीने, पेन उचललं होतं. त्याला भान आलं तेव्हा त्याने ते घाईघाईने खाली ठेवलं. गोंगाट ऐकून आतल्या खोलीतून त्याच्या साहेबीणबाई बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी बाजूला सरकवलं. खाली नियमांचा तक्ता होता.

"कळवतो हे काही नाव नव्हे. सहा नंबर वाचा," त्या त्याला म्हणाल्या.

नोंदीत नाव नसल्यास सज्ञान व्यक्तीने स्वतः अर्ज करावा, सोबत शाळेचा दाखला जोडावा. बस्स. शाळेचा दाखला पहिल्या दिवसापासून आत्याच्या पर्समध्ये होता. शाळेत घालतानाही आजोबा कळवतो म्हणाले होते. तेव्हाच्या मास्तरांना धीर नव्हता, त्यांनी वाकून मुलीलाच विचारलं, आई तुला काय म्हणते गं, आणि ते लिहिलं. थोडक्यात, आपलं नाव आत्याने सहाव्या वर्षीच कळवलेलं होतं. फक्त चुकीच्या खात्याला.

"हा तक्ता तुम्हाला दिसला नाही?" मी कारकुनाला विचारलं.

"माझी पाठ असते तिकडे," तो म्हणाला. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

चार दिवसांनी कागद हातात आला. नाव, तारीख, सही, आणि वाफ देऊन मारलेला शिक्का, 'खरी नक्कल'. आत्याने तो उजेडात धरला. "जन्मभर केल्या त्या सगळ्या खोट्या म्हणायच्या," ती म्हणाली. त्याच दुपारी आम्ही पासपोर्टचा अर्ज टाकला. सहा आठवडे संपले होते. तीन उरले होते आणि पासपोर्टला चार लागतात.

आत्या तरीही हिशेब करत राहिली. एखादा आठवडा इकडे तिकडे, पहिलटकरीण आहे, उशीर होतो कधी कधी. तिने सुटकेस भरून दाराशी ठेवली. बाळ बारा दिवस लवकर आलं.

फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. आत्या रडली, मनसोक्त रडली, गळ्यातल्या मापाच्या टेपने डोळे पुसायला गेली आणि ती टोचली. पलीकडून तिची मुलगी दमलेल्या आवाजात सांगत होती, की वजन इतकं आहे, केस खूप आहेत, इथल्या बाई फॉर्म घेऊन उभ्या आहेत, नाव विचारतायत.

"मग?"

"आमचं अजून ठरत नाहीये गं. म्हटलं, नंतर कळवते."

आत्याने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. खरं तर ते चालू नव्हतंच.

"त्या बाईंना थांबव," ती म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता, त्यात नक्कल नव्हती. "गेल्या असतील तर हाक मार. तुम्ही दोघं ठरवा, मला कसलंही चालेल. मी फोन धरून बसते."

ती धरून बसली. एक गिऱ्हाईक कापड घेऊन आलं, त्याला तिने बोटाने थांब म्हणून सांगितलं. बावीस मिनिटं झाली. मग पलीकडून नाव आलं, आणि त्यामागोमाग फॉर्मवर पेन चालल्याचा आवाज आला की नाही ते मला माहीत नाही, पण आत्या म्हणाली, आला.

तिने फोन ठेवला, वही ओढली आणि गिऱ्हाइकाला वार सांगितला.