हेडक्लार्क आप्पांचा एस

इंग्रजीतला अनेकवचनाचा एस चुकीच्या जागी दिसला, की हेडक्लार्क आप्पा हातातला चहा खाली ठेवायचे. फौजेच्या ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी टाइपरायटरवर काढली होती. निवृत्तीनंतर ते भांडगावहून रोज यवतला, माझ्या डीटीपीच्या दुकानात येऊन बसायचे. माजी सैनिकांचे इंग्रजी अर्ज ते सांगायचे, मी टाइप करायची.

"ताई, एस खऱ्या शब्दाला लावायचा, झालरीला न्हाई," असं ते म्हणायचे. माणूस असतो कर्नल, लेफ्टनंट ही त्याची झालर. म्हणून लेफ्टनंट कर्नल्स. पण कोर्ट-मार्शलमध्ये खरं काय, तर कोर्ट, म्हणून कोर्ट्स-मार्शल. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका सुभेदारांनी मेळाव्याच्या फ्लेक्सवर 'लेफ्टनंट्स कर्नल' लिहून दिलं होतं आणि मी तसंच छापलं होतं. आप्पांनी तो फ्लेक्स पुन्हा करायला लावला.

सुभेदार वैतागले. "आप्पा, वाचतंय कोण?"

"मी वाचतोय की," आप्पा म्हणाले.

त्यांचा मुलगा संदीपही फौजेत होता. वरिष्ठावर हात उगारला म्हणून त्याचं कोर्ट-मार्शल झालं, नोकरी गेली. ती बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा नेहमीच्या वेळेला आले. शिक्षेविरुद्धचा अर्ज त्यांनी एका सुरात सांगितला, भलत्याच कुणाचा असावा तसा. 'अशा अनेक कोर्ट्स-मार्शलचे कागद मी स्वतः टाइप केले आहेत,' असं त्यात एक वाक्य होतं. घाईत माझ्याकडून 'कोर्ट-मार्शल्स' पडलं. आप्पांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली. पाकीट चिकटवल्यावर चूक माझ्या ध्यानात आली. पाकीट मी तसंच पोस्टात टाकलं.

अर्ज फेटाळला गेला. आप्पा येत राहिले, अर्ज सांगत राहिले. एकदा मी मुद्दाम एस चुकवून पाहिला. "चालतंय," म्हणाले. मी पुढचा कागद लावला.

उन्हाळ्यात ते गेले. निरोप आला तेव्हा मी एक लग्नपत्रिका जुळवत होते. ती पुरी केली, मग शटर ओढलं.

तिसऱ्या दिवशी संदीप दशक्रियेच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आला. खाली चुलत्यांची, भावकीची नावं होती. त्याचं नव्हतं.

"तुमचं नाव राहिलं," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, ताई. माझ्यामुळं त्यांना लई खाली बघावं लागलं."

मी सगळ्यांच्या वर त्याचं नाव टाइप केलं आणि प्रूफ त्याच्या हातात दिलं. त्यानं ती एक ओळ दोनदा वाचली. मग कागद परत देत म्हणाला, "दोनशे काढा."